प्रिसिजनचा आवाज, जॅझची नेक: हायब्रिड बास शोधायला निघण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचा एक वादक शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवतो, बाकीचे दिवस स्वतःच्या चौघांच्या फंक-रॉक बँडमध्ये असतो. हाताशी प्रिसिजन पद्धतीचा जुना चार तारांचा बास गिटार आहे; प्रिसिजन आणि जॅझ ही फेंडर कंपनीच्या दोन बास गिटारची नावं. त्याचा आवाज आवडतो, पण नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायचा लांब दांडा, जाड वाटते आणि तिच्यावरच्या पहिल्या चार फ्रेटमध्ये, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, डावा हात भरून येतो. म्हणून जॅझसारखी सडपातळ नेक, मध्ये प्रिसिजनचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) आणि ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, जॅझचा पिकअप असा 'एकदाच घ्यावा आणि सुटावं' असा बास हवा आहे. नवा घ्यावा, की आहे त्यालाच नवी नेक लावावी?

मी नेकपासून सुरू करतो. पिकअप पुढे कधीही बदलता येतो, वायरिंग एका दुपारचं काम आहे, तारा तर अधूनमधून बदलतातच. हाताला न बसणारी नेक मात्र रोज छळते. आणि तुमच्या 'नेक जाड आहे' या तक्रारीत मला तीन निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या दिसतात. त्या सुट्या केल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

पहिली रुंदीची. जॅझ बासची नेक नटपाशी, म्हणजे माथ्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपाशी, दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर असते. आजच्या प्रिसिजनची बहुतेक ४१.३ मिलिमीटर, आणि जुन्या घडणीच्या काहींची तर पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटरच्याही थोडी वर. सव्वातीन मिलिमीटरचा फरक तीन फटींत वाटला तर प्रत्येक फटीला जेमतेम एक मिलिमीटर येतो. कागदावर किरकोळ, पण बोटांना पहिल्या मिनिटात कळतो. मात्र दोन्ही नेक जिथे बॉडीत बसतात तिथे सारख्याच, अडीच इंच रुंद असतात. त्यामुळे तुम्ही बॉडीकडे सरकत जाता तसा हा फरक विरत जातो. बाराव्या फ्रेटवर डोळे मिटून वाजवलंत तर कुठली नेक कुठली हे सांगताना माझीही पंचाईत होते.

दुसरी तक्रार जाडीची, म्हणजे फिंगरबोर्डपासून (फ्रेट बसवलेल्या पुढच्या पृष्ठभागापासून) मागच्या गोलाईपर्यंतच्या अंतराची. नटची रुंदी सगळे छापतात, ही जाडी फार कमी कंपन्या छापतात. मागच्या गोलाईच्या आकाराला 'सी', 'यू', 'डी' अशी अक्षरं देतात, पण एकाचा 'सी' दुसऱ्याच्या 'सी'सारखा असेलच असं नाही. ३८ मिलिमीटर नट असलेली नेक मागून चांगली गलेलठ्ठ असू शकते, आणि ४१ मिलिमीटरची मागून चपटी असली तर हातात हलकी वाटते. हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर कॅलिपर मिळतो, तो घ्या. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी जाडी मोजा आणि मित्रांच्या बासवरही मोजा. आपला हात कुठल्या आकड्यावर खूश असतो हे कळलं की अर्धा शोध संपतो.

तिसरी तक्रार बहुतेक लोक नेकच्या माथी मारतात, पण ती असते स्केलची, म्हणजे नट ते ब्रिज या तारेच्या लांबीची. प्रिसिजन आणि जॅझ दोघांचं स्केल ३४ इंच. या स्केलवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे १३० मिलिमीटर येतं. नेक कितीही सडपातळ केली तरी ते १३०च राहतं. ३० इंची शॉर्ट स्केल बासवर हेच अंतर ११४च्या आसपास येतं, म्हणजे दीड सेंटिमीटरची सुटका.

दुखणं कुठलं हे घरीच तपासता येतं. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर हात ठेवून एकाच तारेवर खाली-वर जा. ताण इथे येत असेल तर दोष स्केलचा. मग एकाच फ्रेटवर ई तारेकडून जी तारेकडे आडवे जा. मनगट वळून दुखत असेल तर रुंदीचा. आणि बोटं ठीक आहेत पण अंगठ्याचं मूळ ठणकतंय असं असेल, तर एक तर नेक मागून जाड आहे किंवा तुम्ही ती गरजेपेक्षा जोरात धरताय. माझ्याकडे सेटअपला, म्हणजे बास नीट जुळवून घ्यायला, येणाऱ्यांत हे जोरात धरणारे बरेच असतात, आणि त्यामागे अनेकदा उंच अ‍ॅक्शन असते. तारा वर असल्या की दाबायला जोर लागतो आणि दोष जातो नेकला.

स्केलची अडचण निघाली तर पैसे खर्च करण्याआधी बोटं बदलून पाहा. गिटारवरून बासकडे आलेले वादक प्रत्येक फ्रेटला एक बोट असा हिशोब पहिल्या फ्रेटपासूनच लावतात. डबल बासवाले, म्हणजे उभा मोठा बास वाजवणारे, खालच्या जागी तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यावरच काम करतात. अनामिका करंगळीला आधार देते, हात तीन फ्रेटच सांभाळतो आणि चौथ्यासाठी सगळा हात सरकतो. पाचव्या फ्रेटनंतर मग खुशाल चारही बोटं वापरा. शिवाय पट्टा चार बोटं वर घ्या. बास मांडीपर्यंत लोंबत असेल तर कुठलीच नेक सडपातळ वाटणार नाही. रॉक बँडच्या फोटोत ते बरं दिसतं, एवढंच.

एवढं करूनही जॅझची नेकच हवी असं ठरलं, तर आता पिकअपकडे येऊ.

लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये प्रिसिजन बास १९५१ साली आणला तेव्हा त्यात साधा एका कॉइलचा (बारीक तारेच्या वेटोळ्याचा) पिकअप होता. आज आपण ज्याला 'पी' म्हणतो तो दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून आला. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली. दोन्ही कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि चुंबकं उलटी. त्यामुळे तारांचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरून शिरलेली गुणगुण वजाबाकीत जाते. जॅझ बास आला १९६० मध्ये, सडपातळ नेक आणि दोन लांबट पिकअप घेऊन. ते दोन्ही पूर्ण उघडले की एकमेकांची गुणगुण खातात. एकटा कुठलाही उघडला की गुणगुणतो.

'पीजे' म्हणजे मधला पी तसाच ठेवून ब्रिजजवळ एक जे, म्हणजे जॅझचा पिकअप, बसवायचा. तुमच्या मनातला नेमका मेळ, म्हणजे प्रिसिजनची बॉडी, जॅझची नेक आणि पीजे पिकअप, नवा नाही. १९८० च्या दशकात फेंडरने जपानमध्ये 'जॅझ बास स्पेशल' काढला तो हाच. गन्स अँड रोझेस या रॉक बँडच्या डफ मकेगनच्या हातातला पांढरा बास तोच आहे. बॉडी प्रिसिजनची असून माथ्यावर नाव जॅझचं, यावरून लोकांचा आजही गोंधळ उडतो. त्याआधीही फेंडरच्या कारखान्यातून अधूनमधून जॅझच्या रुंदीची नेक लावलेले प्रिसिजन बाहेर पडत. नेकच्या रुंदीला ए, बी, सी अशी अक्षरं होती आणि ए म्हणजे दीड इंच. तेव्हा तुमची मागणी विचित्र मुळीच नाही.

पण पीजेकडून अपेक्षा काय ठेवायची, इथे बहुतेक जण फसतात. पीजे म्हणजे एका पैशात दोन बास नव्हेत. त्यात प्रिसिजन पूर्ण मिळतो, जॅझ मिळत नाही. जॅझ बासचा ओळखीचा आवाज दोन जे पिकअपच्या मेळातून येतो, आणि त्यातला नेककडचा पिकअप पीजेमध्ये नसतोच. बासवादक जॅको पास्टोरियसच्या धर्तीचा, फक्त ब्रिजच्या पिकअपवरचा नाकातला, टोकदार आवाज पीजेवर जवळपास मिळतो. बासवादक मार्कस मिलरसारखा दोन्ही पिकअप उघडे ठेवून वाजवलेला चकचकीत स्लॅप (अंगठ्याने तारा ठोकून वाजवणं) मात्र थोडा वेगळाच निघतो. तुमच्या फंक गाण्यांत तोच आवाज कानात असेल, तर सरळ जॅझ बास घ्या आणि पीजेच्या वाटेला जाऊ नका.

आता दोन्ही पिकअप एकत्र उघडल्यावर काय होतं ते बघा. तार एकाच वेळी अनेक स्वरांशांमध्ये (हार्मोनिक्समध्ये) हलत असते. दोन वेगळ्या जागी ठेवलेले पिकअप तिला दोन जागांवरून ऐकतात. काही स्वरांश एका जागी वर जात असताना दुसऱ्या जागी खाली येत असतात, आणि बेरजेत ते एकमेकांना पुसतात. पुसलं जातं ते मुख्यतः मधल्या पट्टीतलं. म्हणून दोन्ही पूर्ण उघडले की घरी छोट्या अ‍ॅम्पवर आवाज भरदार, तळ आणि चमक दोन्ही असलेला, एकदम 'तयार' वाटतो. स्टेजवर ड्रम, दोन कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत तोच आवाज हरवतो, कारण बास ओळखू येतो तो मधल्या पट्टीनेच. नवा पीजे घेतलेल्यांची 'घरी छान वाजतो, प्रोग्रॅमला ऐकूच येत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यातच सुटते. पी पूर्ण ठेवा, जे अर्ध्या-पाऊण उघडा. जे इथे फोडणीपुरता, भाजी पीचीच. एक व्हॉल्यूम किंचित मागे घेतला तरी मधली पट्टी परत उभी राहते.

याच्या जोडीला पिकअपची उंची. पी मुळात जोरकस असतो आणि जे ब्रिजजवळ असल्याने तिथे तार कमी हलते. दोघांना सारख्या उंचीवर ठेवलं तर जे असून नसल्यासारखा. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तार यांमधलं अंतर मोजा. पीसाठी ई तारेकडे तीन मिलिमीटर आणि जीकडे अडीचच्या आसपास ठेवा, मग जे हळूहळू वर आणत कानाने जुळवा. फार वर आणू नका. चुंबक तारेला ओढायला लागला की वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि स्वर लवकर मरतो.

गुणगुणीवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण तुमचे निम्मे कार्यक्रम उघड्या मैदानात किंवा मंगल कार्यालयात होत असणार. पी शांत, जे एकटा गुणगुणणारा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अनेकांना वाटतं की जॅझ बासप्रमाणे पीजेमध्येही दोन्ही उघडले की गुणगुण जाईल. जात नाही. पीच्या दोन कॉइल आपसात हिशोब मिटवून बसलेल्या असतात, जेच्या कॉइलला जोडीदारच उरत नाही. जे जितका उघडाल तितकी गुणगुण येणार. मागे एलईडी वॉल, वर लाइटचे डिमर, बाजूला जनरेटर अशा ठिकाणी साधा जे नीट त्रास देतो. आतून तांब्याची पट्टी लावून घेतली की करकर कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरची जाड गुणगुण चुंबकीय असते, ती तांब्याला जुमानत नाही. तिच्यावर खरा इलाज म्हणजे गुणगुण न करणारा जे. दिसायला तसाच, आतून दोन कॉइलचा. डिमार्झिओ, सेमूर डंकन, बार्टोलिनी, ईएमजी सगळ्यांकडे असे आहेत. आवाजाची धार किंचित बोथट होते अशी शुद्धतावाद्यांची कुरकुर असते. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात ती धार कुणालाही ऐकू येत नाही, गुणगुण मात्र पहिल्या रांगेतल्या काकांनाही ऐकू येते.

आणि एक गोष्ट बजावून सांगतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणं किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावणं, हे आपल्याकडे साउंडवाले सर्रास करतात. बासच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी बिघडलेल्या वायरिंगचा झटका तुमच्या अंगातून जातो. अर्थिंग हवंच. गुणगुण सोसा, नाहीतर जे बंद ठेवून पीवर कार्यक्रम काढा.

वायरिंगमध्ये दोन प्रकार भेटतील. दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, किंवा एक व्हॉल्यूम, एक ब्लेंड (दोन पिकअपचं मिश्रण बदलणारा नॉब) आणि टोन. मला पहिला आवडतो. जे नेमका किती घालायचा ते बोटाला कळतं आणि अंधाऱ्या स्टेजवर नॉब चाचपून ओळखता येतो. ब्लेंडचा नॉब मधल्या खाचेत बसला की दोन्ही पूर्ण उघडे राहतात, आणि तीच जागा आपल्याला टाळायची आहे. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायच्या, बासमध्ये २५० किलोओहमचे पॉट (नॉबखालचे रोधक) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ही जुनी, चोख जोडी आहे. जुन्या गाण्यांसाठी टोन अर्ध्याखाली आणा. जे पूर्ण बंद, पी एकटा, उजवा हात पिकअपच्या थोडा पुढे, नेकच्या बाजूला. निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं निम्मं काम तारांचं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बासवादक जेम्स जेमर्सनने १९६२च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत, तारा लावून एका बोटाने वाजवलं. त्या गोल, ठोसर आवाजात तारांचा वाटा पिकअपइतकाच आहे. तुमच्याकडे एकाच बासवर साठ-सत्तरच्या दशकातली गाणी आणि फंकचा स्लॅप हे दोन्ही आहे. फ्लॅटवाउंडवर स्लॅप मेलेला वाटेल, गोल तारेने गुंडाळलेल्या नव्या राउंडवाउंडवर जुनी गाणी खरखरीत. मधला मार्ग म्हणजे वापरून थोड्या मवाळ झालेल्या राउंडवाउंड आणि ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा. ऑर्केस्ट्रात स्पंज घाला, बँडला काढा. जे पिकअपने जेवढा बदल होतो त्यापेक्षा या स्पंजने जास्त होतो, आणि तो फुकट आहे.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं आणि बदलणारं बॅटरीवरचं सर्किट) असलेला घ्यायचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह बदलणारा स्विच असलेलाच घ्या. नऊ व्होल्टची बॅटरी मधल्या गाण्यातच जाते आणि स्विच नसेल तर बास मुका होतो. केबल जॅकमध्ये खोचलेली राहिली तरी बॅटरी जळत राहते, हेही नव्यांना माहीत नसतं. कार्यक्रम संपला की आधी केबल काढा, मग गप्पा मारा.

आता नावं. तुमच्या गरजेला सगळ्यात जवळ जाणारा बास म्हणून मी यामाहाच्या बीबी मालिकेकडे बोट दाखवीन. १९७७ पासून चालत आलेली ही मालिका, बीबी म्हणजे ब्रॉड बास. बीबी-४३४ मध्ये पीजे पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, पूर्ण पॅसिव्ह. नटची रुंदी ४० मिलिमीटर, म्हणजे जॅझ आणि प्रिसिजनच्या मधली. नेक बॉडीला सहा स्क्रूंनी घट्ट बसवलेली. दीड इंचाचाच हट्ट असेल तर हा बास तुमचा नाही, पण हट्ट धरण्याआधी हातात घेऊन पाहा. चाळीसवर अनेकांचा हात रुळतो. त्याचाच मोठा भाऊ बीबी-७३४ए, त्यात तीन पट्ट्यांचा प्रीअ‍ॅम्प आणि मी वर म्हटलेला स्विच, दोन्ही आहेत. बजेट कमी असेल तर यामाहाचाच टीआरबीएक्स-१७४ हा पॅसिव्ह पीजे आपल्याकडे सहज मिळतो. त्याच्यात पैसे वाचवून चांगला जे पिकअप आणि एक नीट सेटअप करून घेतला तर तो लाज आणत नाही.

स्क्वायरच्या स्वस्त पीजेमध्ये वर्षागणिक नेक बदलत गेली आहे, तेव्हा नाव पाहून घेऊ नका, कॅलिपर लावून घ्या. सायरचा मार्कस मिलर पी-७ प्रीअ‍ॅम्पवाला आहे, पीजे आहे, स्विचही आहे. स्टेजवर आवाज सतत बदलणाऱ्याला तो सोयीचा. आयबानेझची एसआर मालिका नेकसाठी प्रसिद्ध आहे, ३८ मिलिमीटर आणि मागून खरोखर पातळ. पण एसआर-३००ई मध्ये पी पिकअप नाही, दोन हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे न गुणगुणणारे पिकअप, आहेत. प्रिसिजनचा आवाज आवडतो म्हणणाऱ्याने नेकच्या मोहात तो घेतला तर थोड्याच दिवसांत पुन्हा शोध सुरू होतो.

तुमची तपासणी 'दोष स्केलचा' असं सांगत असेल तर फेंडरचा मस्टँग पीजे बघा. ३० इंच स्केल, दीड इंच नट, पीजे पिकअप. एकच अडचण आहे. त्याच तारा, त्याच सुरात लावल्या तर लहान स्केलवर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो, म्हणून ई तार सैल आणि फडफडती वाटते. जाड तारांचा गेज लावला की बरीच सुधारते. ऑर्केस्ट्रातले काही जुनेजाणते त्याला खेळणं म्हणतील. म्हणू द्या.

पीजेपलीकडचेही हायब्रिड आहेत. शिकागोच्या लेकलँडचा ४४-९४ नेककडे जे आणि ब्रिजकडे म्युझिक मॅन कंपनीच्या बाससारखा जाड हंबकर लावतो. जर्मनीच्या सँडबर्गचा कॅलिफोर्निया व्हीएम पी आणि तसाच हंबकर एकत्र करतो. तो हंबकर साध्या जेसारखा गुणगुणत नाही आणि पीच्या जोरापुढे दबतही नाही, त्यामुळे कागदावर हा मेळ पीजेपेक्षा शहाणा आहे. पण वर सांगितलेल्या बासच्या मानाने हे बरेच महाग पडतात, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

राहिला जुन्या बासला नवी नेक लावण्याचा प्रश्न. तुमचा बास खरोखर फेंडरच्या मापाचा असेल तर जॅझची नेक प्रिसिजनच्या बॉडीत बसते. स्केल एकच, नेक बसते त्या खाचेची रुंदी एकच. मागवण्याआधी खाचेची रुंदी ६३.५ मिलिमीटर आहे का ते पाहा, फ्रेट किती आहेत ते मोजा आणि खुंट्यांची भोकं कुठल्या व्यासाची आहेत ते तपासा, नाहीतर जुन्या खुंट्या नव्या नेकला बसत नाहीत. स्वस्त, बिननावाच्या बासची खाच अनेकदा अर्धा-एक मिलिमीटर वेडीवाकडी असते. मग ई किंवा जी तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरते. नेक बसली तरी नट घासणं, फ्रेट समतल करणं, कोन जुळवायला खाचेत पातळ पट्टी घालणं ही कामं पाठोपाठ येतात.

त्यावर जे पिकअपसाठी बॉडी कोरायची म्हणजे राउटर, साचा आणि हात बसलेला माणूस हवा. जॅझच्या दोन पिकअपपैकी ब्रिजचा किंचित लांब असतो, म्हणून खाच कोरण्याआधी पिकअप हातात असू दे. अंदाजाने कोरलेली खाच परत सहज भरता येत नाही. माझं मत विचाराल तर नेक बदला, पण कोरू नका. सडपातळ नेकचा प्रिसिजन, चांगला पी पिकअप आणि स्पंज एवढ्यावर तुमचे ऑर्केस्ट्राचे सगळे कार्यक्रम निघतील. बँडसाठी जेची गरज खरंच भासते का हे त्यानंतर कळेल. भासली तर पीजे घ्या, आणि तेव्हा नेकबाबत तुमचा हात आधीच शिकलेला असेल.

नवा घेताना ट्रस रॉडचं, म्हणजे नेकचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईचं, तोंड कुठे आहे ते नक्की पाहा. जुन्या घडणीच्या काही बासमध्ये ते नेकच्या बुडाशी, खाचेत दडलेलं असतं. प्रत्येक वेळी नेक काढल्याशिवाय फिरवता येत नाही. युरोप-अमेरिकेत वातानुकूलित घरांत चालून जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा धरतं, मार्चनंतर कोरडं पडतं, आणि वर्षातून दोनदा तरी रॉडला हात लावावा लागतो. माथ्याकडून किंवा फिंगरबोर्डच्या टोकाच्या चाकातून फिरणारा रॉड घ्या. दुकानदाराला तुमच्या समोर तो पाव फेरा दोन्हीकडे फिरवून दाखवायला सांगा. फिरत नसेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर बास कितीही देखणा असो, खाली ठेवा.

दुकानात आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवा. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट, सावकाश. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर पटकन मरतो का ऐका. बोल्टने जोडलेल्या नेकमध्ये हा दोष बऱ्याच वेळा सापडतो आणि सेटअपने तो जात नाही. फ्रेटची टोकं हाताला बोचतात का तेही पाहा. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. माथा जमिनीकडे झुकत असेल तर डावा हात आयुष्यभर नेक उचलत बसेल, आणि तुम्ही पुन्हा म्हणाल की नेक जाड आहे. मग अ‍ॅम्पला जोडून फक्त जे उघडा आणि जागीच गोल फिरा. कुठल्या दिशेला किती गुणगुणतो ते कळेल.

घरी आणल्यावर दोन-चार दिवस बास तुमच्या खोलीच्या हवेत राहू द्या, मगच सेटअप करा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांत ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा. नंतर अ‍ॅक्शन. सतराव्या फ्रेटवर ई तार २.४ आणि जी तार २ मिलिमीटर हे सुरुवातीचे आकडे. जोरात वाजवत असाल तर थोडं वर घ्या. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर जुळेल अशी तारेची लांबी, आणि सर्वांत शेवटी पिकअपची उंची. हा क्रम उलटा केलात तर प्रत्येक पायरीवर मागचं काम पुन्हा करावं लागतं.